चिप झिजत नसते

कहतानचा प्रोसेसर मी मारला, असं सिनाआ रस्त्यावरच्या कंप्युटर बाजारात अजूनही बोललं जातं. मी ते खोडून काढत नाही. त्या प्रोसेसरला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी तो फक्त गार ठेवला.

माझं नाव हातिफ. बगदादमध्ये माझ्या वयाच्या माणसाला त्याच्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मला मुलगा नाही, एक मुलगी आहे, रफल, म्हणून मी अबू रफल, रफलचा बाप. काही जण हे नाव ओठ मुडपून घेतात. घेऊ देत. पूर्वी मी गच्च्यांवर चढून गवताचे कूलर दुरुस्त करायचो. गुडघे गेले तेव्हा खाली उतरलो आणि कंप्युटर गार ठेवण्याचा धंदा धरला. सामान तेच, पाणी, पंप, पंखा आणि नळी. जुन्या ब्राझिली गाडीच्या हीटरमधला लहान रेडिएटर काढायचा, धुवायचा, आणि प्रोसेसरची उष्णता पाण्यावाटे त्याच्यात आणून सोडायची. आब महिन्यात, भर ऑगस्टात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तेव्हा माझ्या दुकानासमोर गर्दी असते.

कहतानचं दुकान माझ्यापासून चार दारं पुढे. मोठी काच, आत दिव्यांची रोषणाई, मागच्या बाजूला पोरांनी गेम खेळायचा हॉल. वापरलेले प्रोसेसर तो विकायचा. रस्त्यावर आम्ही प्रोसेसरला चिपच म्हणतो. "नावाला वापरलीय, घरातल्या बाईने कधीतरी चालू केली असेल," असं म्हणून तो चिप हातात द्यायचा.

माझ्या रफलने अशीच एक चिप त्याच्याकडून घेतली. ती लग्नांच्या फिल्म बनवायची. तिचं काम चांगलं होतं. बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाला चालत नाही, त्यामुळे तिला बोलावणी फार. शिवाय नवरीच्या काकूच्या चेहऱ्यावर कधी कॅमेरा न्यायचा आणि कधी वळवायचा, हे तिला कळायचं.

उम्म नौफलच्या मुलाचं लग्न तिने टिपलं होतं. नौफल लग्नानंतर त्याच आठवड्यात बायकोला घेऊन स्वीडनला निघून गेला. मागे राहिली एकटी आई. ती रोज फोन करायची, "बेटी, झाली का फिल्म?" रफल म्हणायची, "होतेय खाला, तुम्ही नाचताय तिथपर्यंत आलेय." मग एक दिवस स्क्रीन निळी होऊन मशीन बंद पडली. परत चालू केली, परत पडली. पडता पडता तिने डिस्कवर साठवलेलं सगळं विसकटून टाकलं. कॅमेऱ्याची कार्डं रिकामी होऊन पुढच्या लग्नाला गेलेली होती, सगळेच तसं करतात. ती मेहंदी, ती वरात, आईने मुलाच्या कपाळाला लावलेले ओठ, काहीच राहिलं नाही.

रफल स्वतः त्या घरी सांगायला गेली. उम्म नौफलने तिला दारातच उभं केलं आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुझ्या आळसाने माझं पोर दुसऱ्यांदा नेलं." पुढच्या महिन्याभरात एकेक करून सगळी बोलावणी बंद झाली.

रफलने दुसऱ्या मशीनमध्ये लावून चिप तपासली. वेग कमी केला की ती नीट चालायची. डब्यावर लिहिलेल्या वेगाला नेली की जड काम येताच पडायची. रफल ती चिप हातरुमालात गुंडाळून कहतानकडे गेली. मी बरोबर होतो.

"ही तुमच्या गेम हॉलमधली आहे," रफल म्हणाली. "वेग चढवून चढवून वापरलीत. व्होल्टेज वाढवून पळवलीत. आतून झिजलीय."

दुकान भरलेलं होतं. कहतानच्या हातात चहाचा इस्तिकान होता, छोटा काचेचा पेला. तो आधी चमच्याने साखर ढवळत बसला, मग सगळ्यांकडे वळून म्हणाला, "ऐकलंत? चिप झिजली म्हणे. अगं बाई, चिप म्हणजे काय चप्पल आहे झिजायला? चिप दगडासारखी असते. चालते, नाहीतर मरते. ही चालतेय ना? मग?"

"पूर्ण वेगाला चालत नाही."

"मग तूच काहीतरी केलं असशील. मशीन आणि मुलगी एका खोलीत ठेवली की असंच व्हायचं." आणि माझ्याकडे बघून, "काय अबू रफल, मुलगा असता तर ही वेळ आली असती का?"

लोक हसले. त्यातली निम्मी माझी गिऱ्हाइकं होती. रफलने चिप पुन्हा रुमालात बांधली. पुढच्या शनिवारपासून ती एका छपाईच्या दुकानात नोकरीला लागली. पत्रिकांवर इतरांच्या लग्नांच्या तारखा छापायची.

माझा भाऊ मिझहर तापट. तो म्हणाला, "मी रंगाचा डबा आणलाय. त्याच्या शटरवर लिहितो, हा माणूस आमच्या टोळीला हवा आहे. बघतो उद्या दुकान कसं उघडतो."

"मग काय होईल?" मी विचारलं.

"मग दोन्हीकडचे वडीलधारे बसतील."

"बसतील, भात आणि मटण खातील, माझं आणि कहतानचं डोकं धरून एकमेकांच्या गालाला गाल लावतील. चिपेचं नाव तरी निघेल का तिथे? एका मुलीच्या मशीनसाठी कोण बसतं, मिझहर? मला मिठी नको. चिप झिजत नाही हे बोलणं त्याने परत गिळलेलं मला बघायचंय."

मिझहरने डबा परत नेला. मी गप्प राहिलो आणि वाट बघितली. रोज सकाळी कहतानच्या दारावरून जाताना मी त्याला सलाम करायचो. तो समजायचा, म्हातारा नरमला.

थंडी सरता सरता तो स्वतःच माझ्या दुकानात आला.

"अम्मो, झालं गेलं विसरा," काकाला हाक मारावी तसं तो खुर्ची ओढत म्हणाला. "मला एक काम हवंय. ह्या उन्हाळ्यात काचेत एक मशीन लावणार आहे. अख्ख्या रस्त्यावर सगळ्यात वेगवान. वर वेगाचा आकडा झळकत राहील, दिवसभर, सगळ्यांना दिसेल असा. वेग चढवायचा म्हणजे ती तापणार. तुमच्या हातचा कूलर हवा."

"करतो," मी म्हणालो.

"राग नाही ना?"

"पाण्याला राग नसतो, कहतान."

त्या संध्याकाळी जेवताना रफलने हातातला समून, तो भट्टीतला पाव, ताटात टाकला. "बाबा, तुम्ही त्याचं काम घेतलंत?"

"घेतलं."

"त्याचं?"

"तू मला एक सांग. चिपेला काय मारतं?"

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. मग हळूहळू बोलायला लागली, जशी पूर्वी तिच्या कामाबद्दल बोलायची. "उष्णता मारते. पण एकटी उष्णता नाही. जास्त वेग हवा तर जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. आतल्या तारा केसाहून कितीतरी बारीक असतात. जास्त जोराने वीज गेली की ती तारेतला धातू कण कण करून पुढे ढकलत नेते. एका जागी तार बारीक होते, दुसऱ्या जागी फुगते. मग त्याच वेगासाठी तिला आणखी व्होल्टेज लागतं. ते दिलं की ती आणखी लवकर झिजते."

"आणि गार ठेवली तर?"

"गार ठेवली तर थोडी सावकाश झिजते. थांबत नाही. पण लोकांना वाटतं, गार आहे ना, मग चढवा अजून..." ती थांबली. तिने समून उचलला, त्यात अंडं आणि अंब्याचं लोणचं भरलं आणि मोठा घास घेतला. किती दिवसांनी ती अशी जेवत होती. "बाबा, कूलर उत्तम करा. एक थेंब गळता कामा नये. त्याला घाबरायला कुठेच जागा ठेवू नका."

मी आयुष्यात एवढं मन लावून काम केलं नव्हतं. दोन रेडिएटर जोडले. नळ्यांचा प्रत्येक सांधा दोनदा आवळला. पाण्यात गंज धरू नये म्हणून औषध घातलं. चिपेवर बसणारा तांब्याचा ठोकळा काचेवर घासून घासून असा सपाट केला की त्यात माझी दाढी दिसायची. शत्रूसाठी काम करताना हात थरथरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

बसवायच्या दिवशी कहतानच्या दुकानात बरेच जण जमले होते. रस्त्यावरचे वडीलधारे सय्यद नूरी तिथेच होते. ते बॅटऱ्या आणि वीजपुरवठ्याच्या पेट्या विकतात, आणि कितीतरी वर्षं जनरेटरांमध्ये बसून त्यांचे कान गेलेत. मशीन सुरू झाली. कहतानने वेग चढवला. तापमानाचा आकडा जागचा हलला नाही.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "कहतान, इथे थांब. ह्याच्या वर व्होल्टेज नेऊ नकोस. चिप झिजेल."

मी असं बोलल्यावर तो थांबेल, अशी मला जराही भीती नव्हती.

"अम्मो, तुम्ही पाण्याचं बघा!" तो हसला. "पुन्हा तेच चप्पल पुराण? चिप झिजत नसते." आणि त्याने माझ्या डोळ्यांत बघत आकडा वाढवला.

"काय म्हणाला तो?" सय्यद नूरींनी विचारलं.

"म्हणतो, चिप झिजत नसते," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "लक्षात ठेवा सय्यदना."

तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड उन्हाळा. कहतानच्या काचेसमोर पोरं फोटो काढायची. पार बसऱ्याहून लोक यायचे. आकडा पाहून भारावलेली माणसं आत जाऊन त्याच्याकडच्या जुन्या चिपा घेऊन बाहेर पडायची. दर गुरुवारी मी रेडिएटरवरची धूळ झटकायला जायचो. स्क्रीनवर व्होल्टेज कुठे पोचलंय ते बघायचो आणि काही न बोलता पंखा पुसायचो. कहतान विचारायचा, "गार आहे ना?" मी म्हणायचो, "बर्फ." दर गुरुवारी व्होल्टेज थोडं वर गेलेलं असायचं. परत येऊन मी रफलला सांगायचो. ती माझ्या चहात साखर जास्त घालायची.

उन्हाळा संपताना एक दिवस काचेतला आकडा थोडा उतरलेला दिसला. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकली. पुढच्या आठवड्यात आणखी उतरला. मग दुपारच्या भर गर्दीत ती मशीन निळी पडली. कहतानने घाईने पडदा ओढला, पण लोकांनी बघायचं ते बघितलं होतं. पुन्हा लावली, पुन्हा पडली. शेजारचा दुकानदार मोठ्याने म्हणाला, "कहतान, तुझ्या घोड्याला चक्कर आली रे!"

आकड्यावर त्याचं दुकान उभं होतं. त्याला दोष कोणावर तरी ढकलणं भाग होतं. मला माहीत होतं कोणावर ढकलेल. मी दुकान झाडून घेतलं, खुर्च्या मांडल्या आणि कॉफी उकळत ठेवली.

तो आला तो सय्यद नूरींना आणि रस्त्यावरच्या आणखी दोन वडीलधाऱ्यांना घेऊन. मी कॉफी ओतली. सगळ्यांनी प्यायली. कहतानने आपला कप न पिता समोर जमिनीवर ठेवला. आमच्याकडे असा कप ठेवला की मागणं आहे, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत बसलेल्यांपैकी कोणी उठायचं नसतं.

"बोल," मी म्हणालो.

"तुमच्या कूलरने माझी चिप गेली. माझं नाव गेलं. तुम्ही रस्त्यावर उभं राहून सांगायचं, कूलर खराब होता. आणि नवी चिप भरून द्यायची."

मला त्याचा मुका घ्यावासा वाटला. माझ्या मुलीच्या मशीनसाठी ही माणसं कधीच बसली नसती. कहतानच्या मशीनसाठी ती बसली होती, त्याने स्वतः आणून बसवली होती, आणि कप जमिनीवर होता.

"कूलर खराब निघाला तर मी शटर ओढीन आणि पुन्हा उघडणार नाही," मी म्हणालो. "पण आधी तपासा."

पोरांनी मशीन उचलून माझ्या टेबलावर आणली. सुरू केली. जड काम लावलं. सय्यद नूरींनी नळीवर हात ठेवला, रेडिएटरवर ठेवला, मग स्वतःच्या कपाळावर ठेवला. "माझं डोकं जास्त गरम आहे," ते म्हणाले. तेवढ्यात मशीन पडली.

"आतून तापत असणार," कहतान म्हणाला.

"सय्यदना, तुम्हाला हव्या त्या दुकानातून ह्याच जातीची नवी चिप मागवा," मी म्हणालो. नवी चिप आली. त्याच कूलरखाली बसवली, डब्यावर लिहिलेल्या वेगाला. चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. मध्ये सरकारी वीज गेली, जनरेटरची आली, यूपीएसने मशीन सांभाळली. ती चिप चालतच राहिली. मग कहतानची चिप पुन्हा बसवली, तिचा चढवलेला वेग उतरवून डब्यावरच्या वेगाला आणली. पहिला चहा संपायच्या आत पडली. मग तिचा वेग आणखी खाली आणला. आता ती निमूट चालायला लागली.

"कहतान," मी विचारलं, "ही मेली का?"

"नाही."

"धड आहे?"

तो उगाच नळी चाचपायला लागला.

"चालते नाहीतर मरते म्हणालास. ही चालत नाही, मेलीही नाही. मग हिचं काय झालंय?"

त्याने बाकीच्या दोघांकडे बघितलं. ते स्क्रीनकडे बघत होते.

"झिजली," तो पुटपुटला.

"काय?" सय्यद नूरी कानाला हात लावून पुढे झुकले. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं.

"झिजली! चिप झिजली!" कहतान ओरडला, आणि बाहेर फुटपाथवर उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

मी रफलला फोन करून ठेवला होता. ती छपाईच्या दुकानातून तशीच आली, बोटांना शाई लागलेली. तिने हातरुमाल सोडला आणि तिची चिप टेबलावर ठेवली. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती बसवली. पूर्ण वेगाला पडली, कमी वेगाला चालली, कहतानच्या चिपेसारखीच. फरक एवढाच की कहतानने आपली स्वतः झिजवली होती, आणि रफलला झिजलेलीच मिळाली होती.

"ही तू विकलीस?" सय्यद नूरींनी विचारलं.

"विकली."

"कुठली होती?"

"हॉलमधली." मग घाईघाईने, "सय्यदना, मी तिला नवी देतो. आत्ता देतो. दोन देतो."

"मला चिप नको," रफल म्हणाली.

"मग काय हवं, बाई?"

"उम्म नौफलच्या घरी चला. इथे बोललात ते तिथे बोला."

कहतान उसळला. "एका म्हाताऱ्या बाईसमोर जाऊन मी चिपेबद्दल काय बोलू? तिला काय कळणार?"

"तिला माझ्याबद्दल कळलं होतं," रफल म्हणाली. "हेही कळेल."

सय्यद नूरींनी जमिनीवरच्या कपाकडे बोट दाखवलं. कॉफी पार गार झाली होती. "मागणं घेऊन तू आलास. निकाल तुझ्यावर फिरलाय. चल ऊठ, मीही येतो. गाडी माझी आहे."

बाहेर पडताना दिसलं, फुटपाथवरची माणसं आता चिपा परत करायला कहतानच्या दुकानाकडे निघाली होती. कोणाच्या पिशवीत मशीन होती, कोणी घरी फोन करून चिपेचा डबा शोधायला सांगत होतं. कहतानने मान वळवून ते बघितलं. मी त्याला हाताला धरून गाडीत बसवलं, पाहुण्याला बसवतात तसं.

उम्म नौफलने दार उघडलं. रफलला बघून तिचा चेहरा ताठ झाला, पण सय्यदांना बघून तिने आत घेतलं. भिंतीवर मुलाचा शाळेतला फोटो होता. लग्नाचा एकही नव्हता. तिने पाणी आणलं आणि समोर बसली.

कहतान उभाच होता. त्याने आधी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "मुलीचा दोष नव्हता."

"कोणत्या मुलीचा?" रफल म्हणाली. "नाव घ्या."

"रफलचा. हातिफच्या मुलीचा. मी तिला झिजलेली चिप नवीसारखी सांगून विकली. मला माहीत होतं. तुमची फिल्म माझ्यामुळे गेली."

उम्म नौफल रफलकडे वळली. तिने आपल्या डोक्यावरच्या अबायाचं टोक धरलं, रफलच्या हाताची शाई पुसल्यासारखं केलं आणि तो हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. मग तिने कहतानकडे बघितलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग सांग, मी नौफलच्या कपाळाला ओठ लावले ते कुठे आहे आता? त्याने मला काय म्हटलं ते गोंगाटात ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं होतं, फिल्ममध्ये ऐकीन. सांग ना. काय म्हणाला तो मला?"

कहतानने सय्यद नूरींकडे बघितलं. सय्यद आपल्या कानात काडी फिरवत बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि सावकाश प्यायलो.

"बस," उम्म नौफल त्याला म्हणाली. "आठवेपर्यंत बस."

तो बसला. आम्हीही बसलो. मला कुठेही जायची घाई नव्हती.